ब्लीड करूनही ब्रेक परत मऊ पडतोय? हवा कुठून येते ते आधी बघा

माउंटन बाइकचा हायड्रॉलिक ब्रेक मऊ पडला की सल्ला ठरलेला असतो, ब्लीड करून टाक, म्हणजे आतल्या ऑइलमधली हवा सिरिंजने काढून टाक. ब्लीड होतं, चार राइड ब्रेक मस्त कडक लागतो, आणि मग लिव्हर हळूहळू परत हँडलबारच्या जवळ जायला लागतो, मग परत ब्लीड, परत तेच. ज्यांचं असं चाललंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझं म्हणणं एवढंच की सिरिंज हातात घ्यायच्या आधी दोन गोष्टी ठरवा, आत खरंच हवा आहे का, आणि असेल तर ती शिरली कुठून. हे न ठरवता केलेलं ब्लीड टिकत नाही. आणि बऱ्याच वेळा आत हवा नसतेच, पॅड (घासून चाक थांबवणारे तुकडे), रोटर (चाकावरची धातूची चकती) आणि पॅडला ढकलणाऱ्या पिस्टनच्या भानगडीमुळेसुद्धा लिव्हर अगदी तसाच स्पंजी लागतो, त्यामुळे ऑइल बदलून काही फरक पडत नाही आणि माणूस वैतागतो.

लिव्हर काय सांगतोय ते आधी बघा

सायकल सरळ उभी करा, दोन्ही चाकं जमिनीवर. लिव्हर एका बोटाने सावकाश दाबा, जिथे अडतो तिथे जोर लावून धरून ठेवा, सोडा, थोडं थांबा, परत दाबा. मग न थांबता भराभर चार-पाच वेळा दाबून शेवटच्या वेळी धरून ठेवा. एवढ्यात बरंच कळतं.

पहिल्यांदा लिव्हर लांब आत जातो पण भराभर दाबला की वर येतो, म्हणजे हँडलपासून लांबच अडतो, हे सगळ्यात कॉमन. इथे लोक लगेच म्हणतात हवा आहे. पण वर आल्यावर तो कसा लागतो ते बघा. वर येऊनही शेवटी रबर दाबल्यासारखा थोडा थोडा दबत असेल तर हवेची शक्यता जास्त. पण वर आल्यावर एकदम टणक होत असेल, म्हणजे पुढे अजिबात हलत नसेल, तर ऑइलमधे हवा नाहीये, पिस्टन प्रत्येक वेळी गरजेपेक्षा जास्त मागे जातायत आणि ते अंतर भरायला तुमचा पहिला स्ट्रोक खर्च होतोय. हे दोन्ही रायडिंग करताना सारखेच वाटतात, म्हणून उभ्या सायकलवर शांतपणे बघा.

धरून ठेवल्यावर लिव्हर हळूहळू हँडलकडे सरकत असेल, म्हणजे जोर तेवढाच आहे पण तो खाली खाली चाललाय, तर तो लीक आहे. एकतर ऑइल बाहेर येतंय नाहीतर लिव्हरच्या आतलं सील दाब धरत नाहीये. ब्लीड करून हे कधीच बरं होणार नाही. आणि असा ब्रेक घेऊन उतारावर जाऊ नका, सायकल तिथेच ठेवा.

तिसरा प्रकार म्हणजे घरी सगळं ठीक, पण लांब उतारावर मधेच लिव्हर मऊ पडतो आणि खाली येऊन पाच-दहा मिनिटं थांबलं की परत पहिल्यासारखा. हे उष्णतेचं काम आहे, त्यावर पुढे बोलूच. इथे एक फरक लक्षात ठेवा, लिव्हर कडकच आहे पण सायकल थांबत नाहीये असं असेल तर पॅड जास्त तापलेत किंवा त्यांना ऑइल लागलंय, ती वेगळी समस्या आहे आणि तिचा स्पंजीपणाशी संबंध नाही.

आणि चौथा, सायकल उलटी करून पंक्चर काढलं, किंवा गाडीत आडवी टाकून नेली, किंवा पुढचं चाक वर करून भिंतीला टांगली, आणि नंतर लिव्हर मऊ. हे कळायला थोडं आतलं बघावं लागतं.

टाकीतली हवा, जी दिसत नाही

लिव्हरच्या आत एक छोटा पिस्टन असतो, तो जिथे फिरतो तो मास्टर सिलिंडर. त्याला लागून ऑइलची छोटीशी टाकी असते आणि टाकी आणि सिलिंडरच्या मधे एक बारीक भोक. लिव्हर सोडलेला असताना हे भोक उघडं असतं. लिव्हर दाबायला लागलं की आतला पिस्टन पुढे सरकून आधी भोक बंद करतो आणि तिथून पुढे खरा दाब तयार होऊन होजमधून, म्हणजे ऑइलच्या नळीतून, कॅलिपरपर्यंत जातो. कॅलिपर म्हणजे चाकाजवळचा, पॅड आणि पिस्टन ज्यात असतात तो भाग. पॅड झिजत जातात तसं कॅलिपरला जास्त ऑइल लागतं, ते याच भोकातून टाकीतून खाली येतं. ब्रेक तापून ऑइल फुगलं की तेवढं ऑइल याच भोकातून परत वर जातं. फार हुशारीने केलेली रचना आहे ही.

आता समजा ब्लीड करताना टाकीत थोडी हवा राहिली. सायकल सरळ असताना ती हवा टाकीत सगळ्यात वर जाऊन बसते आणि भोक खाली ऑइलमधे बुडालेलं असतं, त्यामुळे ब्रेक एकदम छान. सायकल उलटी झाली की तीच हवा भोकाजवळ येते, आणि अशा वेळी कोणी लिव्हर दोनदा दाबला तर ती थेट सिलिंडरमधे. म्हणून "कालपर्यंत छान होता, आज अचानक" असं वाटतं. अचानक काही झालेलं नसतं, हवा आधीपासून आत होती, तिला फक्त वाट मिळाली.

यावर तात्पुरता उपाय सोपा आहे. सायकल सरळ उभी करा, लिव्हर जमिनीला साधारण समांतर ठेवा, आणि छोटे छोटे स्ट्रोक देत लिव्हर हलकेच दाबा-सोडा, पूर्ण दाबायची गरज नाही. बुडबुडे भोकातून परत टाकीत जातात आणि दोन-चार मिनिटांत लिव्हर कडक होतो. पण हा उपाय दर वेळी लागत असेल तर टाकीतली हवा काढल्याशिवाय सुटका नाही.

रात्रभर लिव्हर हँडलला बांधून ठेवायचा सल्ला पण तुम्ही ऐकला असेल. त्याने सकाळी ब्रेक कडक लागतो हे खरं आहे. दाबाखाली बुडबुडे आकसतात, जागा सोडतात, होजमधून वर सरकतात, आणि लिव्हर सोडला की भोक उघडून ते टाकीत जातात. म्हणजे हवा बाहेर गेली नाही, फक्त वर जाऊन बसली. आता पुढच्या वेळी सायकल आडवी झाली की काय होईल ते वर लिहिलंच आहे. बांधून ठेवण्याचा खरा उपयोग वेगळाच आहे, तो शेवटी सांगतो.

हवा नसताना स्पंजी

हा भाग जरा लांब होणार आहे, पण इथेच सगळ्यात जास्त लोक अडकतात.

पहिलं बघायचं ते कॅलिपर सरळ बसलाय का. कॅलिपरच्या पलीकडे जमिनीवर एक पांढरा कागद ठेवा, किंवा पलीकडून टॉर्च मारा, आणि रोटरच्या रेषेत डोळा लावून पॅडच्या फटीतून बघा. दोन्ही बाजूंना उजेडाची बारीक रेघ दिसली पाहिजे. आता दुसऱ्या हाताने लिव्हर हळू दाबा आणि नीट लक्ष द्या, एक पॅड आधी टेकून रोटरला दुसऱ्या बाजूला ढकलतोय का? रोटर अगदी थोडा वाकताना दिसतो. तो वाकतो म्हणजे स्प्रिंगसारखं काम करतो, आणि तीच स्प्रिंग तुमच्या बोटाला स्पंज म्हणून जाणवते. ऑइल कितीही नवीन भरा, ही स्प्रिंग जाणार नाही.

कॅलिपरचे दोन माउंटिंग बोल्ट थोडे ढिले करायचे, लिव्हर जोरात दाबून धरायचा आणि बोल्ट आलटून पालटून थोडे थोडे आवळायचे, ही नेहमीची पद्धत. पण एक पिस्टन जाम असेल तर या पद्धतीने कॅलिपर वाकडाच बसतो, कारण तो जाम पिस्टनला मानून बसतो. म्हणून मी तरी आधी पिस्टन मोकळे करतो, मग कॅलिपर डोळ्याने मधे आणतो आणि मगच बोल्ट आवळतो. शिमानोच्या कॅलिपरला माउंटिंग बोल्टचा टॉर्क (आवळायचा जोर) ६ ते ८ न्यूटन मीटर असतो, बाकी कंपन्यांचा वेगळा असतो, मॅन्युअल बघा.

आता पिस्टन. पिस्टनच्या भोवती चौकोनी कापाचं रबरी सील असतं. लिव्हर दाबला की पिस्टन पुढे जातो, सील त्याला धरून थोडं वाकतं, लिव्हर सोडला की सील सरळ होताना पिस्टनला मागे ओढतं. पॅड झिजला की पिस्टन सीलवरून किंचित पुढे घसरतो आणि नवी जागा धरतो, म्हणून केबल ब्रेकसारखं ताण वाढवत बसावं लागत नाही. पण पिस्टनवर धूळ, चिखल आणि पॅडची भुकटी वाळून बसली की तो घसरत नाही. सील नुसतं वाकतं आणि पिस्टन पूर्ण मागे येतो. परत दाबला, परत तेवढंच अंतर. लिव्हर लांब आत जातो, दोनदा दाबला की कडक होतो, आणि माणूस म्हणतो हवा आहे.

बघायचं कसं? चाक काढा, पॅड काढा, आणि लिव्हर अगदी हळू, थोडाच दाबा. दोन्ही पिस्टन सारखे बाहेर येतायत का बघा. चार पिस्टनचा कॅलिपर असेल तर बहुतेक एखादा आळशी निघतो, तीन पुढे येतात आणि तो जागचा हलत नाही. पुढे आलेल्यांना प्लास्टिकच्या टायर लिव्हरने अडवून धरा म्हणजे दाब आळशीवर जाईल. तो ३-४ मिलिमीटर बाहेर आला की थांबा, जास्त दाबला तर पिस्टन बाहेर पडेल आणि मग खरंच सगळं उघडावं लागेल. बाहेर आलेल्या भागावर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेला कापसाचा बोळा सगळीकडून फिरवा. काळी रेघ निघेल, ती निघेपर्यंत बोळे बदलत राहा. मग त्या ब्रेकमधे जे ऑइल आहे त्याचाच एक थेंब पिस्टनच्या कडेला लावा, टायर लिव्हरने पिस्टन सरळ आत ढकला, परत बाहेर काढा, परत आत, असं पाच-सहा वेळा. शेवटी पुसून कोरडं करा. पिस्टन ढकलायला स्क्रू ड्रायव्हर नको, बऱ्याच ब्रेकमधे पिस्टन सिरॅमिक किंवा फिनॉलिकचे (कडक प्लास्टिकचे) असतात, एका बाजूने जोर दिला की कड तुटते. पेट्रोल, गंज काढायचे स्प्रे, गाडीचा ब्रेक क्लीनर यातलं काहीच सीलच्या जवळ नेऊ नका.

पॅड बाहेर काढलेत तर त्यांच्याकडे पण बघा. बाजूने बघितल्यावर एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक, असे पाचरीसारखे झिजले असतील तर लिव्हर स्पंजी लागणारच, कारण पॅड आधी एका कडेवर टेकतो आणि मग वाकून पूर्ण बसतो. असे पॅड घासून सरळ करण्यापेक्षा बदला आणि कॅलिपर नीट बसवा. घासायचं मटेरियल शिमानोच्या पॅडवर ०.५ मिलिमीटर उरलं की पॅड संपला, स्रॅमच्या पॅडमधे मागची प्लेट धरून एकूण जाडी ३ मिलिमीटरच्या खाली गेली की बदलायचा. रोटरची किमान जाडी बहुतेक वेळा रोटरवरच कोरलेली असते, शिमानोच्या रोटरवर १.५ लिहिलेलं दिसेल, नवीन असताना तो १.८ च्या आसपास असतो. पॅड आणि रोटर दोन्ही शेवटाला आले असतील तर पिस्टन खूप बाहेर येऊन काम करतायत आणि टाकीतलं ऑइल खाली उतरलंय. टाकीत आधीच थोडी हवा असेल तर ती याच वेळी भोकाच्या जवळ येते. म्हणून पॅड संपत आले की मऊ पडायला लागलेला ब्रेक नुसते पॅड बदलून, पिस्टन आत ढकलून पुष्कळ वेळा सुधारतो.

रोटर वाकडा असेल किंवा हबच्या बेअरिंगमधे प्ले (ढिलेपणा) असेल तर रोटर फिरताना पॅडला मागे ढकलत राहतो. खडबडीत ट्रेलवर पहिला ब्रेक लांब जातो आणि दुसरा बरोबर लागतो, ही त्याची खूण. चाक हातात धरून आडवं हलवून बघा, खटखट लागली तर आधी ते नीट करा.

पॅड नवे घातले असतील तर बेड-इन झाल्याशिवाय, म्हणजे पॅड रोटरवर घासून नीट बसल्याशिवाय, लिव्हरबद्दल मत बनवू नका. मध्यम वेगातून वीस-एक वेळा आणि मग थोड्या जास्त वेगातून दहा-एक वेळा, चाक लॉक न करता, पूर्ण न थांबता वेग कमी करायचा. सुरुवातीचा मऊपणा बराचसा यातच जातो.

हवाच आहे, तर मग कुठून

वरचं सगळं बघून झालं आणि तरी लिव्हर शेवटी रबरासारखा दबतोय, तर मग हवा. ती आधीच्या ब्लीडमधे राहून गेलेली तरी असते नाहीतर नवीन शिरतेय.

नवीन शिरत असेल तर जिथून हवा आत येते तिथून थोडं तरी ऑइल बाहेर येतं. सगळं अल्कोहोलने स्वच्छ पुसून कोरडं करा, मग पांढऱ्या टिश्यूचे तुकडे एकेका जोडावर दाबून बघा. होज लिव्हरमधे शिरतो ती जागा, होज कॅलिपरला लागतो तो बोल्ट, ब्लीड निपल (कॅलिपरवरचं ब्लीडसाठी उघडायचं तोंड), कॅलिपरचे दोन अर्धे जिथे जुळतात ती रेघ, पिस्टनच्या मागचा भाग, आणि लिव्हरच्या पिस्टनवरचं रबर थोडं बाजूला करून त्याच्या आत. हे शेवटचं ठिकाण लोक बघतच नाहीत आणि जुन्या ब्रेकमधे बऱ्याचदा ऑइल तिथेच सापडतं. ज्यांचा होज कापून लहान केलाय त्यांनी लिव्हरकडचा जोड आधी बघा. होजच्या टोकाला आत ठोकलेला बार्ब (छोटी धातूची नळी) आणि बाहेरून दाबलं जाणारं ऑलिव्ह (धातूची छोटी कडी) नवीन नसेल, किंवा होज तिरका कापला गेला असेल, तर तो जोड दिसायला कोरडा असतो पण दाबाखाली किंचित ओलावतो. ऑलिव्ह एकदाच वापरायची वस्तू आहे, दुसऱ्यांदा आवळून ती नीट बसत नाही.

राहून गेलेली हवा

कुठेच ओल नाही, म्हणजे हवा आधीच्या ब्लीडमधे राहिली. यात तीन जागा दगा देतात.

पहिली कॅलिपर. पिस्टनच्या मागे जी पोकळी असते तिथे बुडबुडे चिकटून बसतात. पिस्टन पूर्ण आत ढकलून ब्लीड ब्लॉक, म्हणजे त्यांना आतच धरून ठेवणारा ठोकळा, घातला की ती पोकळी लहान होते, म्हणून ब्लॉक घालणं हे काही नुसतं पॅडच्या जागी काहीतरी ठेवणं नाही. पिस्टन अर्धे बाहेर असताना ब्लीड केलं तर दोन तोटे, हवा राहते आणि टाकीत ऑइल गरजेपेक्षा जास्त भरलं जातं, मग नवे पॅड घातले की ते रोटरला घासत बसतात. कॅलिपर फ्रेमवरून सोडवून मोकळा लटकवा आणि असा फिरवा की ब्लीड निपल सगळ्यात वर येईल, मग हळूच इकडे तिकडे कलवा आणि पान्याच्या दांड्याने हलकेच टकटक करा. सिरिंजच्या नळीत टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे एकामागे एक निघताना दिसतात, कधी दोन मिनिटं काही नाही आणि मग एकदम मोठा बुडबुडा. तो निघेपर्यंत घाई करू नका.

दुसरी जागा होज. होज फ्रेमच्या आतून जात असेल किंवा कुठे वर जाऊन परत खाली येत असेल तर त्या उंचवट्यावर हवा अडकते. सायकल स्टँडवर पुढून वर उचलून अशी लावा की कॅलिपर सगळ्यात खाली, लिव्हर सगळ्यात वर, आणि मधे होज सतत चढता राहील. जमलं तर रात्रभर तशीच ठेवा आणि सकाळी ब्लीड करा.

तिसरी जागा टाकी, आणि परत परत मऊ होणाऱ्या ब्रेकमधे माझा पहिला संशय हिच्यावरच असतो. टाकीच्या वरच्या भोकाला नरसाळं लावून ब्लीड करताना शेवटी लिव्हर हँडलबारवर सैल करून फिरवा, नरसाळं थोडं एका बाजूला झुकवा, लिव्हर झटक्याने दाबा आणि सोडा, मग दुसऱ्या बाजूला झुकवा, परत झटके. प्रत्येक कोनात नवीन बुडबुडे येतात. ते यायचे थांबले की लिव्हर परत समांतर आणा, नरसाळं काढल्यावर त्या वरच्या भोकाच्या तोंडापर्यंत ऑइल भरून दिसलं पाहिजे, आणि त्याचा स्क्रू लावताना थोडं ऑइल बाहेर सांडलंच पाहिजे. सांडलं नाही तर तुम्ही झाकणाखाली हवा बंद केलीत. खाली फडकं धरा आणि बिनधास्त सांडू द्या.

दोन सिरिंजवाल्या ब्रेकमधे, जसं स्रॅमचे, ऑइल भरायच्या आधी सिरिंजचं तोंड बंद करून दट्ट्या मागे ओढून ऑइलमधेच विरघळलेली हवा काढून घ्या. पण तीच सिरिंज ब्रेकला लावल्यावर फार जोरात ओढू नका. जास्त व्हॅक्यूम दिला की सीलच्या कडेने बाहेरची हवा आत येते आणि मग बुडबुडे संपतच नाहीत, तुम्ही ओढताय म्हणून ते येतायत. काँटॅक्ट पॉइंट अॅडजस्टर (लिव्हर किती आत गेल्यावर पॅड टेकतात ते बदलायचा स्क्रू) असेल तर तो ब्लीडच्या आधी मॅन्युअलमधे सांगितलेल्या टोकाला न्या.

चाक आणि पॅड दोन्ही लांब ठेवूनच हे सगळं करायचं, हे सांगायला नको. पॅडमधे ऑइल मुरलं की ते परत पहिल्यासारखे होणं अवघड असतं.

ऑइल कुठलं

शिमानो, मागुरा, टेक्ट्रो यांच्यात मिनरल ऑइल असतं. होप आणि हेजच्या ब्रेकमधे डॉट फ्लुइड, गाड्यांच्या ब्रेकमधे असतं तसलं. स्रॅममधे बराच काळ डॉटच होतं, पण त्यांचे डीबी८ आणि मेव्हन हे ब्रेक मिनरल ऑइलवर आहेत, त्यामुळे कंपनीच्या नावावर जाऊ नका, लिव्हरवर किंवा झाकणावर काय लिहिलंय ते वाचा. दोन्ही एकमेकांच्या जागी कधीच नाही, थोडंसुद्धा नाही, सिरिंजपण वेगळी ठेवा. चुकीच्या ऑइलने सील फुगतात, मऊ पडतात, आणि मग ऑइल बदलून उपयोग नसतो. डॉटमधे डॉट ४ आणि ५.१ ग्लायकॉलवर आधारलेले आहेत, डॉट ५ सिलिकॉनचं आहे, तो आकडा जवळचा दिसतो म्हणून आणू नका.

उतारावर मऊ पडणाऱ्या ब्रेकचं उत्तर इथेच आहे. डॉट हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ५.१ चा उकळण्याचा बिंदू नवीन असताना किमान २६० अंश सेल्सियस असतो, ओल शोषलेल्या अवस्थेत किमान १८०. डॉट ४ ला हेच आकडे २३० आणि १५५. उकळलं की आत वाफ होते, वाफ दबते, लिव्हर हँडलला टेकतो. थंड झालं की वाफेचं परत पाणी, आणि लिव्हर परत ठीक, म्हणून घरी आल्यावर काहीच सापडत नाही. अशा वेळी बुडबुडे काढत बसण्यात अर्थ नाही, सगळं जुनं फ्लुइड काढून सीलबंद बाटलीतलं नवीन भरा. अर्धी वापरून महिनोनमहिने ठेवलेली डॉटची बाटली ब्रेकसाठी वापरू नका. मिनरल ऑइल पाणी शोषत नाही, पण आत शिरलेलं पाणी वेगळं राहून सगळ्यात खाली, म्हणजे कॅलिपरमधे जमा होतं, जिथे सगळ्यात जास्त गरम होतं. म्हणून तिथेही कॅलिपरकडचं जुनं ऑइल पूर्ण बाहेर काढायचं, वरवर बुडबुडे काढून भागत नाही. निघालेलं ऑइल काळपट असेल तर अजून थोडं जाऊ द्या, स्वच्छ येईपर्यंत.

डॉट फ्रेमच्या पेंटवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, आणि हातात ग्लोव्हज घाला.

रात्रीची टेस्ट

सगळं झालं, पॅड घातले, चाक लावलं, लिव्हर कडक लागतोय. आता तो लिव्हर जोरात दाबून हँडलला वेल्क्रोच्या पट्ट्याने घट्ट बांधा, प्रत्येक जोडाखाली टिश्यू गुंडाळा आणि रात्रभर सोडून द्या. सकाळी पट्टा सोडायच्या आधी बघा, लिव्हर रात्री जिथे बांधला होता त्यापेक्षा आत गेलाय का आणि पट्टा सैल झालाय का. मग टिश्यू बघा.

टिश्यू कोरडे आणि लिव्हर जागेवर, तर ब्रेक दाब धरतोय. आता पट्टा सोडून सायकल पाच मिनिटं उलटी करा, लिव्हरला हात न लावता परत सरळ करा, आणि मग दाबा. आधी इतकाच कडक लागला तर टाकीत हवा नाही. मऊ लागला तर नरसाळं परत लावा, फक्त लिव्हरच्या बाजूचं काम परत करा, कॅलिपर उघडायची गरज नाही.

टिश्यू ओला असेल तर तो जोड उघडून नवं ऑलिव्ह, नवा वॉशर, जे तिथलं असेल ते. कॅलिपरच्या पिस्टनमागे ओल असेल तर सील गेलेत, आणि काही कॅलिपरसाठी सील वेगळे मिळत नाहीत, मग पूर्ण कॅलिपर. आणि टिश्यू सगळे कोरडे पण लिव्हर मात्र आत गेलेला, तर मास्टर सिलिंडरचं सील आतल्या आत ऑइल परत टाकीकडे जाऊ देतंय. बाहेर एक थेंब दिसणार नाही, कितीही ब्लीड केलं तरी दोन दिवस बरं वाटेल आणि परत तेच. काही लिव्हरना पिस्टन किट मिळतं, ते बदलून बघा, किट नसेल तर लिव्हर बदलायचा. होज आणि कॅलिपर चांगले असतील तर तेच ठेवून फक्त लिव्हर बदलता येतो, पण तो त्याच ऑइलचा आणि त्या कॅलिपरशी जुळणारा हवा, नाहीतर लिव्हरचा स्ट्रोक आणि पिस्टनचा आकार यांचा मेळ बसत नाही.